गिटारचा पातळ टॉप आणि आतल्या पट्ट्या
भाचीच्या हँडमेड गिटारचा स्प्रूस लाकडाचा टॉप (पुढची फळी) जेमतेम 2 मिमी, ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीच्या) मागे अंगठा दाबला की चक्क आत जातो, आणि स्टीलच्या लाइट तारांचा ताण मिळून 70 किलोच्या आसपास. म्हणून काय आतून दिसेल तिथे लाकूड चिकटवत सुटू नका हो, आवाज पार बसतो. आतल्या एक्स-ब्रेसिंगच्या, म्हणजे टॉपला आतून X आकारात आधार देणाऱ्या, पट्ट्या मी रुंद न करता उंच घेतल्या, कारण रुंदी दुप्पट केली तर पट्टीचा कडकपणा दुप्पट, पण उंची दुप्पट केली तर आठपट, वजन दोन्हीकडे सारखंच! ब्रिजखाली मेपलची पातळ प्लेट, तिच्या लाकडाच्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या. ग्लूइंग मात्र बडोद्याच्या पावसाळ्यात नकोच, लाकूड दमट हवेत फुगतं, तसंच चिकटवलं तर उन्हाळ्यात आकसून टॉपला चीर पडते, त्यामुळे दिवाळीनंतरच क्लॅम्प लावले.