ड्रायव्हरला काय दिसतं

१६ डिसेंबर, रात्री

विजय दिवस. सकाळपासून फोनवर अरुण खेत्रपालचा फोटो फिरतोय. पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा २१ वर्षांचा सेकंड लेफ्टनंट. १९७१ साली याच तारखेला बसंतरच्या लढाईत पेटलेला सेंच्युरियन रणगाडा सोडायला त्यानं नकार दिला. वायरलेसवरचं त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्या रणगाड्यात त्याच्यासोबत आणखी तिघं होते, त्यांचं नाव मात्र एकाही फॉरवर्डमध्ये नाही.

रणगाड्यांच्या लढाईच्या आठवणी वाचायचा मला नाद आहे. बहुतेक लिहिलेल्या असतात अधिकाऱ्यांनी, म्हणजे झाकण उघडून मान बाहेर काढणाऱ्यांनी. त्यांना रणांगण दिसतं. १९६५च्या असल उत्तरच्या लढाईची हकिगत वाचताना तर समोर नकाशाच उलगडतो. कालवा फोडून शेतांत सोडलेलं पाणी, चिखलात रुतलेले पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, उसाच्या फडात दबा धरलेले आपले रणगाडे. सुरेखच. पण आत बसलेल्यांचं काय?

आमच्या कन्नमवार नगरच्या इमारतीत तळमजल्यावरचे काका १९७१ला शकरगडच्या आघाडीवर, म्हणजे बसंतरच्याच भागात, सेंच्युरियन चालवायचे. मूळचे खटावकडचे. संध्याकाळी चहाला गेले आणि विचारून फोनवर रेकॉर्डिंग लावलं. सोफ्यावर बसून त्यांनी दोन मुठी गुडघ्यांपुढे धरल्या. स्टिअरिंगचं चाक नाही, दोन दांडे. डावा ओढला की गाडी डावीकडे. बोलताना उजवा पाय चपलेतल्या चपलेत दाबला जात होता, त्यांना पत्ताही नव्हता.

"झाकण लावलं की पेरिस्कोपातनं दिसतं ते एवढंसं," दोन बोटं आडवी धरून म्हणाले. "धूळ, नाहीतर धूर. बाकी सगळं कानात. साहेब म्हणणार 'सॅबो', म्हणजे रणगाडा फोडायचा गोळा, लोडर तो भरून म्हणणार 'लोडेड', गनर नेम धरून म्हणणार 'ऑन'. मग हादरा. लागला का चुकला, ते साहेबाच्या आवाजावरनं वळखायचं."

"आणि थंडी?"

"इंजिन मागं, मी पुढं. बर्फ नुसता!"

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. सुरुंगांच्या पट्ट्यातून जायचं तर पुढच्या गाडीच्या पट्ट्यांचे वळ धरून चालवायचं, वीतभरही सरकायचं नाही. तेवढ्यापुरतं मात्र झाकण उघडं ठेवायचे म्हणे. बाकीचे बोलायचे बंद व्हायचे, आणि त्या शांततेचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

पॅटन? एकच पाहिला, दुसऱ्या दिवशी, जळून काळा पडलेला. त्याच्या साखळीवर कुणीतरी धुतलेला बनियन वाळत घातला होता, आपल्यातल्याच. काका यावर हसले. मला हसू आलं नाही.

लोडरचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "ते बंद कर गं." बंद केलं. ते इथेही लिहीत नाही.

सोसायटीवाल्यांना २६ जानेवारीला त्यांचं भाषण हवंय, विषयही ठरवून टाकलाय, 'मी पॅटन कसा फोडला'. काकांनी नाही म्हणून कळवलंय. काकूंना ते पटलेलं नाही. त्यांनी शाल-श्रीफळ धरूनच ठेवलं होतं. रविवारी पुन्हा बसायचंय, गिअरबॉक्सवर. त्यावर ते तासभर बोलतील.