मनिलातले माझे मिशनरी प्रशिक्षणाचे दिवस

मिशनचा, म्हणजे दोन वर्षांच्या धर्मप्रचाराच्या सेवेचा, अर्ज भरताना सगळ्यात जास्त खेटे मला दातांच्या डॉक्टरांकडे घालावे लागले. अर्जात मुलाखती असतात, शारीरिक तपासणी असते, लसींची नोंद असते आणि दातांचा एक वेगळा फॉर्म असतो. दोन वर्षं घरापासून लांब राहणाऱ्या मुलाची दाढ मध्येच ठणकायला लागली तर पंचाईत होते, म्हणून अक्कलदाढांची चौकशी फार बारकाईने होते. माझी एक दाढ आडवी होती. ती काढून, गालाची सूज उतरून, डॉक्टरांची सही मिळेपर्यंत बराच काळ गेला. त्यामानाने ब्रँच प्रेसिडेंटची, म्हणजे आमच्या स्थानिक शाखेच्या प्रमुखांची, मुलाखत सोपी गेली. ते मला दहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होते.

लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. आमच्या चर्चचं पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. टोपणनाव सोडून पूर्ण नाव वापरा, असं आवाहन चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 2018 मध्ये केलं होतं आणि मला ते मनापासून पटतं, म्हणून यापुढे मी नुसतं ‘चर्च’ असंच लिहीन. आमच्यातला मुलगा 18 वर्षांचा झाला की मिशनला जाऊ शकतो. 2012 च्या आधी त्यासाठी साधारणपणे 19 वर्षांपर्यंत थांबावं लागायचं. मुलांचं मिशन 24 महिन्यांचं. पगार नसतो. आमच्या घराने झेपेल तेवढे पैसे दिले, बाकीचा भार चर्चच्या मिशनरी निधीने उचलला. कुठे जायचं हे आपल्या हातात नसतं. अर्ज सॉल्ट लेक सिटीला जातो आणि चर्चच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे वरिष्ठ नेत्यांपैकी, एक जण प्रत्येकाची नेमणूक करतो. त्यावेळी जगभरात आमचे 65 हजारांच्या आसपास मिशनरी होते.

माझं पत्र 2018 च्या शेवटी आलं. पूर्वी ते मोठ्या पांढऱ्या लिफाफ्यातून यायचं, माझ्या वेळी नुकतंच ऑनलाइन झालं होतं. इंडिया बेंगळुरू मिशन. त्याआधी प्रशिक्षण फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या मिशनरी ट्रेनिंग सेंटरमध्ये. आई रडली. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “बी.कॉम.चं काय?”

इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आईने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि थोड्याच दिवसांनी मीही घेतला. बाबा चर्चचे सदस्य नाहीत. आमच्या कल्याणच्या घरात आजीचा देव्हारा आहे, गावी सिंधुदुर्गात गणपती असतो, बाबा दरवर्षी जातात. त्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही, पण रविवारी आम्ही निघालो की ते पेपर वाचत बसायचे. त्यात आता मुलगा कॉलेज सोडून दोन वर्षं निघाला. त्यांची तक्रार धर्माबद्दल नव्हतीच. “तू बोलणार कधी आमच्याशी?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्याचं खरं उत्तर द्यायला मला जड गेलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मिशनरीने घरी आठवड्यातून एकदा ईमेल करायचा, आणि फोन वर्षातून दोनदा: नाताळला आणि मातृदिनाला. 

जानेवारी 2019 मध्ये क्वालालंपूरमार्गे मनिलाला पोहोचलो. सेंटर केझॉन सिटीत आहे आणि त्याच्या शेजारीच मनिलाचं मंदिर. 1984 साली समर्पित झालेलं. आमच्यात मंदिर म्हणजे रविवारच्या सभेच्या जागेपेक्षा वेगळी, खास विधींची वास्तू. भारतात तेव्हा आमचं मंदिर नव्हतं. बेंगळुरूच्या मंदिराची घोषणा आदल्याच वर्षी, एप्रिल 2018 मध्ये झाली होती. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मंदिरात पाऊल टाकलं ते मनिलातच. आत काय होतं ते आम्ही बाहेर बोलत नाही, मीही बोलणार नाही. शुभ्र कपड्यांत त्या शांत खोलीत बसलो असताना आई इथे कधी येऊ शकेल, हाच विचार डोक्यात होता, एवढं सांगतो.

पहिल्याच दिवशी काळी नावपट्टी मिळाली. वर आडनाव, खाली चर्चचं नाव. त्या क्षणापासून पहिलं नाव मागे पडतं. मुलगा असेल तर ‘एल्डर’, मुलगी असेल तर ‘सिस्टर’, पुढे आडनाव. आणि त्याच दिवशी कंपॅनियन, म्हणजे जोडीदार, मिळतो. मिशनरी कधीच एकटा नसतो. स्वच्छतागृह सोडलं तर कंपॅनियन सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. नियमांत सगळ्यात कठीण कुठला, असं मला अजूनही पोरं विचारतात. त्यांना वाटतं मोबाइल नाही, सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही, हे कठीण असेल. मला विचाराल तर या सततच्या सोबतीइतकं माणसाला घडवणारं तिथे दुसरं काही नाही.

माझा कंपॅनियन राजमहेंद्रीचा. त्याची तेलुगू मला येत नव्हती, माझी मराठी त्याला. माझं हिंदी मुंबईचं, त्याचं शाळेपुरतं. त्यामुळे दोन भारतीय मुलं मनिलात एकमेकांशी इंग्रजीतून बोलायची. तो कमी बोलायचा. सकाळी उठल्या उठल्या अंथरूण इतकं तंतोतंत घडी करायचा की चादरीवर एक सुरकुती दिसायची नाही. मग तो माझी वाट बघत दारात उभा राहायचा, कारण मला सोडून त्याला जेवणघरातही जाता येत नसे. मला बुटांच्या नाड्या बांधायला वेळ लागला तरी त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही.

दिवस साडेसहाला सुरू. आधी व्यायाम. फिलिपिनो मुलं बास्केटबॉलवर जीव टाकतात, त्यामुळे अर्ध्या झोपेत असलेली आमची टोळीही पळायला लागायची. मग आंघोळ, पांढरा शर्ट, टाय. नाश्त्याला लसूण घातलेला परतलेला भात, अंडं, कधी सुका मासा. तिन्ही वेळा भात असतो. आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही, तंबाखू आणि दारूही नाही. त्यामुळे कपात गरम मायलो, चॉकलेटच्या चवीचं पेय. मंगोलियाहून आलेल्या मुलांना तो सुका मासा बघवत नसे. माझ्यासारख्या मालवणी घरातल्या मुलाला मात्र तो दिसला की बरं वाटायचं. एका दुपारी सिनिगांग म्हणून चिंचेची आंबट मासळीची पातळ भाजी वाढली. आजीच्या हातचं तिखलं थोडं पाणी घालून सैल केलं तर तसंच लागेल. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला.

नाश्त्यानंतर वर्ग. ज्यांना नवीन भाषा शिकायची नसते त्यांचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, भाषा शिकणाऱ्यांचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. मी पहिल्या गटातला. सकाळी तीन तासांचा वर्ग, दुपारी पुन्हा तेवढाच, मधे एकट्याने वाचन, मग कंपॅनियनबरोबर वाचन. रात्री साडेदहाला दिवे बंद. मंगळवारी संध्याकाळी सगळ्यांची एकत्र सभा. शिक्षक म्हणजे स्वतः मिशन करून आलेली पंचविशीतली मुलंमुली. घोकंपट्टी कमी, सराव जास्त. शिक्षक एखाद्या माणसाची भूमिका घेतात, बहुतेक वेळा स्वतःच्या मिशनमध्ये भेटलेल्या एखाद्या खऱ्या माणसाची. आपण दोघांनी दार वाजवायचं, आत जाऊन बसायचं आणि शिकवायचं.

एक सराव माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या शिक्षिका त्या दिवशी एका बाईच्या भूमिकेत होत्या. नवरा आखातात नोकरीला, मुलगा आजारपणात गेलेला. फिलिपिन्समध्ये कामासाठी परदेशी गेलेली माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे ती बाई अगदी खरी वाटत होती. मी माझा भाग सांगितला: 1820 साली न्यूयॉर्क राज्यातला चौदा वर्षांचा जोसेफ स्मिथ, पुढे आमच्या चर्चचा संस्थापक, रानात जाऊन प्रार्थना करतो, त्याला देवपिता आणि येशू ख्रिस्त दिसतात. सगळं क्रमाने सांगितलं. बाई ऐकत होत्या. आता कंपॅनियनची पाळी. त्याच्या वाट्याला पुढचा मुद्दा होता, वहीत लिहून ठेवलेला. त्याने वही मिटली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, “तुमच्या मुलाचं नाव काय होतं?”

शिक्षिका भूमिकेतच होत्या, पण त्यांचे डोळे भरले. त्यांनी नाव सांगितलं. ती बाई खरंच त्यांना भेटली होती आणि ते नावही खरं होतं, हे त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं. त्या दिवशी उरलेला मुद्दा शिकवायचा राहिला आणि शिक्षिकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पुढे बेंगळुरूत कुणाच्याही घरी बसलो की मी आधी भिंतीवरचे फोटो बघायचो आणि त्यातल्या माणसांबद्दल विचारायचो. ही सवय मला कंपॅनियनमुळे लागली.

आमच्या खोलीत आम्ही दोघं आणि मंगोलिया व कंबोडियाची दोन मुलं. झोपायच्या आधी चौघं गुडघे टेकून प्रार्थना करायचो. सुरुवातीला इंग्रजीत चालायचं, आणि इंग्रजीतली प्रार्थना चौघांचीही अडखळत व्हायची. मग शिक्षकांनीच सुचवलं, ज्याची पाळी त्याने आपल्या भाषेत करावी. एक दिवस तेलुगू, एक दिवस मंगोलियन, एक दिवस ख्मेर, एक दिवस मराठी. शेवटचं ‘आमेन’ सगळ्यांना कळायचं. मराठीत मी घरी आईबरोबर पुटपुटल्यासारखी प्रार्थना करायचो, चारचौघांत मोठ्याने कधी केली नव्हती. तिथे पहिल्यांदा माझाच आवाज मला नीट ऐकू आला.

आठवड्यातला एक दिवस पी-डे, म्हणजे तयारीचा. कपडे धुवायचे, शर्टांना इस्त्री करायची, मंदिरात जायचं, घरी ईमेल लिहायचा. ईमेलची वेळ मोजकी असते. आई लांबलचक लिहायची. बाबांची एक ओळ असायची: ‘तब्येत सांभाळ.’ मी त्यांना पानभर लिहिलं तरी उत्तर तेवढंच. त्या ओळीने मला फार त्रास व्हायचा. रात्री दिवे गेल्यावर तीच आठवायची. कंपॅनियनच्या ते लक्षात आलं असावं. त्याने काही विचारलं नाही, पण त्याच्या पाळीच्या तेलुगू प्रार्थनेत एकदा माझं आडनाव आणि ‘नान्ना’ हा शब्द ऐकू आला. ‘नान्ना’ म्हणजे वडील, एवढी तेलुगू मला तोवर कळायला लागली होती.

आणि मग 15 फेब्रुवारी उजाडला. मिशनरींना यापुढे दर आठवड्याला पी-डेच्या दिवशी घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येईल, असं चर्चने जाहीर केलं. आमच्या वर्गात ते वाचून दाखवलं तेव्हा क्षणभर कुणाला खरंच वाटेना. कंबोडियाच्या मुलाने पुन्हा वाचायला लावलं. एक सिस्टर तिथेच रडायला लागली. इतक्या वर्षांचा नियम आमच्या मुक्कामातच बदलावा, याला मी देवाची कृपा मानतो, आणि हे मी अगदी अक्षरशः म्हणतो.

पहिला कॉल लावला तेव्हा मनिलात सकाळ होती, कल्याणमध्ये अडीच तास मागे, जेमतेम उजाडलेलं. तरी सगळे तयार होऊन बसलेले. आजीने आधी विचारलं, “जेवतोस ना रे?” मी सांगितलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, दोन वेळचं जेवण सोडतो. “आणि पाणी?” “पाणीही नाही, आजी.” “म्हणजे निर्जळी!” तिने बाबांकडे वळून अशा काही सुरात सांगितलं की माझ्या धर्मातली एक तरी गोष्ट तिला पुरती पटली, हे मला दिसलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो तुझा जोडीदार कुठाय? सतत बरोबर असतो म्हणतोस ना, दाखव की.” तो शेजारीच होता, त्याच्या कॉलची वाट बघत. मी फोन त्याच्याकडे वळवला. बाबांनी आपल्या मुंबईच्या हिंदीत त्याची विचारपूस केली: घरी कोण, वडील काय करतात, शेती किती, भात कुठला लावता. तो शाळेतलं हिंदी आठवून आठवून उत्तरं देत होता. त्याचे वडीलही चर्चचे सदस्य नाहीत, हे मला त्या संभाषणात कळलं. इतके दिवस रात्रंदिवस बरोबर राहून त्याने ते मला सांगितलं नव्हतं, आणि बाबांना विचारल्या विचारल्या सांगून टाकलं. “मग ते रागावले का?” बाबांनी विचारलं. “पहले बहुत,” तो म्हणाला, “अभी फोटो रखते हैं.” बाबा त्यावर काही बोलले नाहीत. फोन ठेवताना त्यांनी मला सांगितलं, त्या पोराला एकटं सोडू नकोस.

बेंगळुरूला उतरल्यावर आम्ही दोघं वेगळे झालो. नवीन मिशनरीला पहिले बारा आठवडे एक अनुभवी कंपॅनियन मिळतो, तोच त्याला प्रत्यक्ष काम शिकवतो. मनिलातल्या माझ्या कंपॅनियनची नेमणूक एका गावात, माझी दुसरीकडे. पण दर आठवड्याच्या कॉलमध्ये बाबांचा पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच असायचा, आणि मिशन संपल्यावर तो आमच्या घरी चार दिवस राहून गेला.

आता पद्धत थोडी बदलली आहे. प्रशिक्षणाचा पहिला आठवडा घरूनच, ऑनलाइन होतो, त्यानंतर सेंटरला जायचं. आमच्या शाखेतून जी मुलं निघतात ती मला सामानाबद्दल विचारतात. शर्ट जाड कापडाचे नकोत, मनिलात घामाने भिजतात. बूट आधी महिनाभर वापरून सैल करून घ्या. लसींच्या कागदांच्या दोन प्रती जवळ ठेवा. आणि ज्यांच्या घरी माझ्या बाबांसारखं कुणी आहे, त्यांना मी हेही सांगतो की त्या पहिल्या आठवड्यात खोलीचं दार लावून बसू नका. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत ठेवा. सराव करायचा असेल तर बाबांनाच समोर बसवा, आणि त्यांना प्रश्न विचारू द्या.