निसर्ग वादळ, विम्याचा क्लेम आणि आमचा पत्र्याचा बोर्ड

विम्याच्या क्लेमबद्दल कुणी विचारलं की मी पहिल्यांदा सांगतो, वादळात उडालेला बोर्ड शोधायला जाऊ नका. लोक हसतात. हसू देत. माझे साडेतीन महिने त्या एका पत्र्याच्या बोर्डापायी गेले.

आमचं घर दिवेआगरला. चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, मागे नारळ-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. माजघरात आईच्या खाटेभोवती बसून आम्ही ते दोन-तीन तास काढले. त्याचं वर्णन करत बसत नाही, त्या दिवशी श्रीवर्धन-मुरूडच्या घराघरात तेच चाललं होतं. संध्याकाळी बाहेर आलो तर पडवीवर माड आडवा, अर्ध्या घराची कौलं गेलेली, वासे मोडलेले आणि मागच्या दोन खोल्यांवरचे पत्रे शेजारच्या वाडीत. त्या दोन खोल्या आम्ही सीझनला पर्यटकांना देतो. त्या वर्षी मार्चपासून लॉकडाऊन, म्हणजे एकही पर्यटक नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं. काही उपयोग झाला नाही.

घराचा विमा होता. बांधकामाचा, दहा लाखांचा, आग आणि इतर आपत्तींचा जो असतो तो, त्यात वादळ-पूर धरलेलं. हप्ता वर्षाला साडेसहाशेच्या आसपास. गावातलाच एजंट, लांबच्या नात्यातला. 'दादा, इथे सही, इथे सही' म्हणत पेन्सिलीच्या फुल्या मारून फॉर्म पुढे करायचा आणि मी सही करायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

क्लेमची पहिली खबर द्यायला सहा दिवस लागले. वीज नाही, मोबाईलचे टॉवर आडवे. शेवटी मोटरसायकल काढून माणगावपर्यंत गेलो, तिथे रेंज मिळाली आणि टोल-फ्री नंबरवर क्लेम नोंदवला. नंबर विडीच्या पाकिटावर लिहून घेतला, ते पाकीट अजून फाईलमध्ये आहे. फोनवरची मुलगी म्हणाली, 'सर, इंटिमेशनला उशीर झालाय.' मी म्हटलं, ताई, इथे खांब उभा नाही. नंतर कळलं की नुसत्या उशिराच्या कारणावर क्लेम फेटाळू नका, असं विमा नियामकाचं २०११ चं परिपत्रकच आहे. तुम्हाला कुणी उशिराचं बोललं तर हे त्याला ऐकवा.

सर्व्हेअर म्हणजे नुकसान पाहून अहवाल देणारा माणूस. तो नेमायला कंपनीला तेव्हा ७२ तास असायचे. नेमला म्हणे वेळेत, कागदावर. तो घरी आला २ जुलैला. जिल्ह्याबाहेर पडायला ई-पास लागत होता, त्यामुळे त्याला फार बोलवत नाही. पण एक महिना घर उघडं ठेवता येत नाही. आम्ही ताडपत्री मिळेल त्या भावाला आणली आणि छप्पर झाकलं. झाकण्याआधी फोटो काढले होते, हे पुतण्याचं डोकं. त्याने चारी बाजूंनी, शिडीवर चढून, माडाच्या बुंध्यासकट फोटो काढले आणि मोबाईलचा चार्ज संपला तेव्हा गाडीच्या बॅटरीवर चार्ज केला. फोटो नसते तर मी हा लेख लिहिलाच नसता.

तलाठ्यांचा पंचनामा दुसऱ्या आठवड्यात झाला. तो सरकारी मदतीसाठी. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने त्या वेळी दीड लाख जाहीर केले होते, आमचं 'अंशतः' होतं. पण पंचनाम्याची नक्कल विमा कंपनीही मागते. त्यात काय लिहिलंय ते तिथल्या तिथे वाचून घ्या. आमच्या पंचनाम्यात नुसतंच 'कौले उडाली' लिहिलं होतं, माड पडून वासे मोडल्याचा शब्द नाही. तलाठी आप्पा भले गृहस्थ, दिवसाला पन्नास घरं बघत होते, पुन्हा जाऊन सांगितल्यावर त्यांनी जोडून दिलं.

बाकीचे कागद सहज झाले. घरपट्टीची पावती, सातबारा, वीजबिल, गवंड्याचं अंदाजपत्रक. गवंडी जीएसटीचं बिल देत नाही, त्याला जीएसटी म्हणजे काय हेही सांगावं लागतं. साध्या कागदावर मापं आणि दर लिहून सही घेतली, चाललं.

आता बोर्ड.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या वाडीत, पडलेल्या पोफळीखाली आमचा बोर्ड सापडला. 'घरगुती जेवणाची व राहण्याची उत्तम सोय'. पत्रा जरासा वाकलेला, बाकी ठीक. रंगवायला अठराशे रुपये दिले होते, म्हणून पुतण्याने तो उचलून आणला आणि ओटीच्या भिंतीला टेकवून ठेवला. महिनाभर तो तिथे होता, आम्हाला दिसेनासाच झाला होता.

सर्व्हेअर साहेब तरुण होते, बोलायला गोड. छप्पर बघितलं, मापं घेतली, फुटकी कौलं कुठायत विचारलं. ती मी रस्त्याच्या खड्ड्यात टाकून बसलो होतो. (तुम्ही टाकू नका. मोडकी कौलं, वासे, पत्रे, सगळं एका कोपऱ्यात रचून ठेवा, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत.) हिने कोकम सरबत दिलं. ते पिता पिता साहेबांची नजर ओटीवर गेली.

'काका, हा बोर्ड तुमचाच ना?'

'हो, वादळात उडाला होता. काकूंच्या वाडीत मिळाला.'

'छान. फोटो काढतो हं.'

मला वाटलं, बोर्डाचंही नुकसान धरतोय. मी स्वतः तो उजेडात सरळ करून दिला.

१९ ऑगस्टला इंग्रजीत पत्र आलं. पुतण्याने वाचून सांगितलं. पॉलिसी राहत्या घराची आहे, पाहणीत मात्र जागेचा वापर लॉजिंगसाठी असल्याचं आढळलं, हे 'मिसडिस्क्रिप्शन', म्हणजे चुकीचं वर्णन आहे, तरी क्लेम का नाकारू नये याचा पंधरा दिवसांत खुलासा करा. सोबत आमच्या बोर्डाचा रंगीत फोटो. फोटो चांगला आला होता.

मी खुलासा लिहिला. घरात आम्ही चौघं बारा महिने राहतो. पाच खोल्यांपैकी दोन सीझनला देतो. वीजबिल घरगुती, ग्रामपंचायतीत नोंद निवासी. मार्चपासून पर्यटनच बंद. मोडलेले वासे माजघराचे. रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोचपावती ठेवली. उत्तर नाही.

फोन केला की 'फाईल रीजनल ऑफिसला गेली आहे'. रीजनल ऑफिसला केला की 'ब्रँचला विचारा'. एकदा सांगितलं 'अंडर प्रोसेस', दुसऱ्यांदा म्हणाले 'सरेंडर करताय का?', म्हणजे ते दुसऱ्याच कुणाची फाईल बघत होते. सप्टेंबरात ई-पास सुटला तेव्हा पनवेलच्या ब्रँचला जाऊन आलो. काचेमागच्या बाईंनी सांगितलं, 'काका, लॉजिंगचा दर वेगळा असतो, तुम्ही घराचा दर भरलात.' मी विचारलं, फरक किती? त्यांनी कॅल्क्युलेटरवर काढला. वर्षाला काहीशे रुपये. काहीशे रुपयांसाठी माझ्या घराचं छप्पर अडकलेलं होतं आणि ताडपत्रीखाली पावसाळा संपत आला होता. मी जरा मोठ्याने बोललो. बोललो ते बोललो.

एजंटला गाठलं. त्याला काही आठवत नव्हतं. 'दादा, मी तर सगळं भरलं असेल ना.' असेल.

एका रात्री झोप लागेना तेव्हा मला सुचलं, की मी काय जाहीर केलं होतं हे कंपनी ज्यावरून ठरवते तो कागद म्हणजे मूळ प्रस्तावपत्र, विमा घेताना भरलेला फॉर्म. तो मी कधी वाचलाच नाही आणि माझ्याकडे त्याची प्रत नाही. पॉलिसी ज्याच्या जोरावर दिली त्या फॉर्मची प्रत ग्राहकाला मिळायला हवी. मागितली. ब्रँच म्हणे, जुनी कागदं स्टोअरला असतात. पुन्हा मागितली, लेखी. गप्प. तिसऱ्यांदा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. तिथूनही एक यांत्रिक ईमेल, 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे'.

१२ ऑक्टोबरला पुतण्याने विमा नियामकाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर सगळं टाकलं. त्याचं आताचं नाव बीमा भरोसा, तेव्हा वेगळं होतं. क्लेम नंबर, तारखा, पोस्टाच्या पावत्या. शेवटी एकच ओळ: प्रस्तावपत्राची प्रत द्या. अकराव्या दिवशी प्रत आली.

पान दोन, सगळ्यात खाली 'अन्य माहिती'चा चौकोन. निळ्या शाईत, एजंटच्याच वाकड्या अक्षरात, मराठीत: 'मालक राहतात. २ खोल्या सीझनला पर्यटकांना.'

मी ते वाक्य हिला मोठ्याने वाचून दाखवलं. मग आईला. एजंटच्या घरी जाऊन त्यालाही दाखवलं, तो म्हणाला, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' त्याच्या हातात हात दिला आणि मनात शिवी घातली, दोन्ही एकदम.

कंपनीने माहिती घेऊनच घराचा दर लावला होता, तर चुकीचं वर्णन माझं कसं? एवढंच लिहून, पानाची झेरॉक्स जोडून पाठवलं. खाली लिहिलं की आता पुण्याला, नारायण पेठेत विमा लोकपालाकडे जातो. आमचा भाग तेव्हा पुणे कार्यालयाकडे येत होता, मुंबईकडे नाही; आता रायगड जिल्हा ठाण्याच्या कार्यालयाकडे आहे. आपलं कार्यालय कुठलं हे माहीत नसेल तर एक चक्कर फुकट जाते. लोकपाल म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा. त्याच्याकडे पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून एक महिना थांबावं लागतं. भरपाईची मर्यादा तेव्हा तीस लाखांची होती, आता पन्नास लाख. मला जावं लागलं नाही. चार दिवसांत ब्रँचमधून फोन, 'काका, ही नोंद आमच्या पाहण्यातच आली नव्हती.'

२७ नोव्हेंबरला हिशेब आला. तो मी तुम्हाला सांगतो, कारण कुणी सांगत नाही. मागणी ३ लाख ४० हजार. त्यातले कुंपण आणि बाहेरची बाकडी यांचे ४५ हजार वगळले, ती विम्यात नव्हती. राहिले २ लाख ९५ हजार. घर जुनं म्हणून २० टक्के घसारा, ५९ हजार गेले. भंगाराचे ६ हजार वजा. उरले २ लाख ३० हजार. आणि मग खरा दणका: सर्व्हेअरने घराची किंमत साडेबारा लाख धरली, विमा दहा लाखांचा, म्हणजे किमतीच्या ८० टक्केच, म्हणून भरपाईही ८० टक्केच. हाती १ लाख ८४ हजार. माड तोडायला मी नऊ हजार दिले होते, तर राडारोडा हटवण्याचा खर्च क्लेमच्या १ टक्का, १,८४० रुपये. हे १,८४० वाचून मी पहिल्यांदा हसलो.

दहा लाखांचा विमा मी २०१४ साली ठरवला आणि तोच आकडा दरवर्षी पुढे ढकलला. त्यात चूक कंपनीची नाही. चिऱ्याचा दर, गवंड्याची मजुरी, सगळं वाढलं आणि मी तोच साडेसहाशेचा हप्ता भरत बसलो. २०२१ च्या एप्रिलपासून घरांसाठी भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी आली आहे, तिच्यात हे कमी विम्याचं कापणं नाही. पण जुनी पॉलिसी असेल त्याने आकडा बघून घ्यावा. एक मात्र: राहत्या घराचा क्लेम मानल्यामुळे सुरुवातीचे किमान दहा हजार कापण्याचं कलम आमच्या पॉलिसीत लागू झालं नाही. बोर्डावरून हरलो असतो तर तेही गेले असते.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागून घ्या. मी पैसे आल्यावर मागितली, उलटं केलं.

८ डिसेंबरला पैसे खात्यात आले. वादळापासून सहा महिने पाच दिवस. सर्व्हेअरचा अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा, असा तेव्हा नियम होता, उशीर झाला तर व्याज होतं. व्याज मी मागितलं नाही. दमलो होतो.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तोच एजंट आला, फॉर्म आणि पेन्सिल घेऊन. मी पेन्सिल परत केली आणि फॉर्म रात्री घरी बसून स्वतः भरला. मागच्या दोन खोल्या आता वेगळ्या आहेत, छोट्या व्यवसायांच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत, बाकी घर गृह रक्षेत. दोन्ही फॉर्मची झेरॉक्स काढून, तारीख टाकून, एजंटची सही घेतली. तो म्हणाला, 'दादा, तुमचा विश्वास नाही का?' ही आतून म्हणाली, 'चहा घ्या.'

बोर्ड सरळ करून, पुन्हा रंगवून, फाटकावर लावला आहे. या वेळी चार बोल्ट मारलेत.