मस्करी कागदावर उतरवली तेव्हा

विनोदाला हरकत घेणाऱ्या बाईसाठी उत्तर तयारच असतं: हिला विनोद कळत नाही. पुढे काही बोललात की तेच सिद्ध होतं आणि गप्प बसलात की दुसऱ्या दिवशी नवा विनोद येतो. या कात्रीतून मी कशी सुटले ते लिहिते आहे. सगळं सुरळीत झालं असं नाही, पण कुठला उपाय कुठे लागू पडतो एवढं नक्की कळलं.

मी इमेज प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते. आमच्या टीममध्ये जे चालायचं त्याला कुणी छळ म्हटलं नसतं. बिल्ड फुटला, म्हणजे सगळा कोड एकत्र जोडताना अडला, की माझ्याकडे बघून, ‘आज कुणाचा मूड गेलाय?’ नवा कोड प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टीमवर, चढवायची पाळी माझी असली की रिव्हर्स पार्किंगवरून एक वाक्य. एखादीला बढती मिळाली की ‘डायव्हर्सिटीत बसली’. आणि माझा कोड रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याच्या कोडची तपासणी, कडक असला की हमखास, ‘घरी नवऱ्याचं काय होत असेल!’ यातलं एखादंच वाक्य उचलून दाखवलं तर दाखवणारीच हास्यास्पद दिसावी, इतकं हलकं. परिणाम मात्र हलका नव्हता. नवऱ्याच्या विनोदावर सगळे हसायचे आणि त्या हशात माझी मूळ कमेंट वाहून जायची. एकदा मी दाखवलेला मेमरी लीक (वापरून झालेली मेमरी मोकळी न करण्याची चूक) तसाच मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, आणि रिलीजनंतर ग्राहकाकडे सिस्टीम बंद पडल्यावर सापडला. तेव्हा तो विनोद कुणाला आठवला नाही. मला आठवला.

आधी मी न हसून पाहिलं. समोरासमोर बसलेल्या चार-पाच जणांत हे चालतं, कारण विनोद करणारा आपल्या चेहऱ्याकडेच बघत असतो. कॅमेरे बंद असलेल्या कॉलवर माझं न हसणं कुणाला दिसणार? मग उलट टोला. तो मला चांगला जमायचा, उगाच नम्रपणा कशाला. पण टोला बसला की सगळ्यांना वाटायचं, चला, हीसुद्धा खेळात आहे. पुढचा विनोद आणखी एक पायरी खाली उतरायचा, आणि काल टोमणा मारणाऱ्या बाईने आज ‘मला हे आवडत नाही’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

खरा उपयोग झाला तो अगदी नीरस उपायाचा: ‘कळलं नाही, सांग ना.’ आवाजात खोच नाही, ओठांवर हसू नाही. ‘मूडचा आणि बिल्डचा काय संबंध?’ विनोद करणारा आधी हसतो, मग इकडेतिकडे बघतो, मग म्हणतो, ‘अगं, गंमत केली.’ त्यावर एकच, ‘हो, पण गंमत कशात आहे?’ आणि तिथेच थांबायचं. तिसरा प्रश्न विचारला की उलटतपासणी होते आणि सगळ्यांना त्याची कीव येते. असे विनोद अर्धेच बोललेले असतात. राहिलेला अर्धा ऐकणाऱ्याने मनात भरायचा, म्हणजे बोलल्याची जबाबदारी कुणावरच नाही. ‘बायकांचा मूड जातो म्हणून बिल्ड फुटतो’ हे वाक्य पुरतं, मोठ्याने, स्टँडअपमध्ये म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये उच्चारायला कुणी तयार होत नाही. मी पाहिलंय.

दुसरा उपाय कामापुरता. हशा ओसरू द्यायचा आणि मूळ मुद्दा पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणायचा: ‘या फंक्शनमध्ये बफर मोकळा होत नाहीये. तरी मर्ज करायचा आहे का?’ विनोदाचा उल्लेखही नाही. मग लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, हो किंवा नाही म्हणावंच लागतं आणि ते मिनिट्समध्ये जातं. मेमरी लीकच्या प्रकारानंतर मी हे एकदाही चुकवलेलं नाही.

हसणाऱ्यांत बायकाही होत्या. त्यांच्याबद्दल मला कुणी टोकलं की मी चिडते. प्रोबेशनवरच्या मुलीने सीनियरच्या विनोदावर गंभीर चेहरा ठेवावा अशी अपेक्षा करायची, म्हणजे आपली लढाई तिच्या नोकरीवर खेळायची.

‘नुसता विनोद तर आहे’ या वाक्याने मात्र मी बरीच अडले होते, कारण त्यात थोडं तथ्य असेल असं मलाही वाटायचं. थॉमस फोर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तेव्हा वाचनात आला. ज्या पुरुषांच्या मनात स्त्रियांविषयी आधीपासून आकस होता, त्यांनी असे विनोद वाचल्यावर स्त्रियांच्या संस्थेला देणगी द्यायची तयारी कमी दाखवली. तसेच विचार विनोदाविना, सरळ विधान म्हणून वाचायला दिले तेव्हा हा परिणाम दिसला नाही. म्हणजे विनोद आकस पेरत नाही, असलेल्याला मोकळीक देतो. हे मी मीटिंगमध्ये कधीच सांगितलं नाही. अभ्यास दाखवणारी बाई हा त्यांच्यासाठी आणखी एक विनोद झाला असता. पण माणसं ओळखायला मदत झाली. सवयीने हसणारे एका प्रश्नाने थांबतात. आकस असलेल्यांना प्रश्न पुरत नाही, त्यांच्यासाठी नियम लागतो.

नियमाकडे जाण्याआधी एका चित्राची गोष्ट सांगायला हवी. आमच्या कोडच्या टेस्ट फोल्डरमध्ये ‘लेना’ होती. या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तिला पाहिलेलं असतं: टोपी घातलेली, उघड्या खांद्यावरून मागे वळून बघणारी तरुणी. ‘प्लेबॉय’च्या नोव्हेंबर १९७२ च्या अंकातल्या मधल्या पानावरचं ते छायाचित्र. पुढच्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा वरचा भाग स्कॅन केला, ५१२ बाय ५१२ पिक्सेल, आणि तेव्हापासून फाइल लहान करण्यापासून (कॉम्प्रेशन) चित्रातल्या कडा ओळखण्यापर्यंत (एज डिटेक्शन) सगळं त्यावर तपासलं गेलं. कापलेलं चित्र तसं निरुपद्रवी. पण दर बॅचला फ्रेशर्सना कोड दाखवताना कुणीतरी म्हणणारच, ‘पूर्ण फोटो पाहिल्याशिवाय ट्रेनिंग पूर्ण होत नाही.’ मुली स्क्रीनकडे बघत बसायच्या. त्या विनोदाचं काय करायचं यावर डोकं लढवण्यापेक्षा चित्रच काढून टाकावं असं मी ठरवलं.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारा अशी विनंती, साधी होती. वर्णनात मी विनोदाचा उल्लेखही केला नाही, खरी कारणं लिहिली: मासिकाच्या पानाचं जुनं स्कॅन, रंगांत लाल छटा जास्त, परवाना अस्पष्ट. शिवाय आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या कॉम्प्युटर सोसायटीने एप्रिल २०२४ पासून हे चित्र असलेले नवे शोधनिबंध स्वीकारणं बंद केलंय. छायाचित्रातल्या लेना फोर्सेन यांनी स्वतःच, आता मला तंत्रज्ञानातूनही निवृत्त होऊ द्या, असं म्हटलेलं आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सायकिट-इमेज लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, लेनाच्या जागी कधीच ‘अंतराळवीर’ हे नासाचं छायाचित्र आलंय. त्यात आयलीन कॉलिन्स आहेत. १९९५ मध्ये स्पेस शटल चालवणारी आणि १९९९ मध्ये शटल मोहिमेचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री. आकार तोच, ५१२ बाय ५१२. सोबत कोडॅकचा २४ चित्रांचा संचही जोडला.

एवढ्याशा बदलावर जितक्या कमेंट आल्या तितक्या आमच्या मुख्य अल्गोरिदमवर कधी आल्या नव्हत्या. ‘इतिहास पुसला जातोय.’ ‘कुणाला त्रास होतोय, नाव सांगा.’ यांत खरा आक्षेप एकच होता, आणि तो बरोबर होता: जुन्या रिलीजशी तुलना करायचे सगळे रेफरन्स आकडे बदलतील. ते मी पुन्हा काढून दिले. बाकी प्रत्येकाला एकच उत्तर, ‘जुनं चित्र ठेवण्याचं तांत्रिक कारण लिहा.’ कुणी लिहिलं नाही. लीडने मर्ज केलं. नंतर एकाने अंतराळवीराच्या पोशाखावरून काहीतरी जुळवून पाहिलं, पण त्याला रंग चढला नाही.

त्यानंतर काही काळाने टीमच्या ग्रुपवर माझ्याबद्दल एक मेसेज आला. त्यात काय होतं ते इथे देत नाही. तक्रारीचा मजकूर, नावं, समितीसमोर काय घडलं, यांतलं काही उघड करायला लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं कलम १६ मनाई करतं. आपली ओळख पटू न देता न्याय मिळाला एवढं सांगायला हरकत नसते. तो मेसेज लैंगिक होता आणि खाली हसऱ्या इमोजींची रांग होती, इतकं पुरे.

आता कामाची माहिती. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्याच्या व्याख्येत लैंगिक स्वरूपाचे शेरे स्पष्टपणे येतात. तसं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातही होतंच. शेरा नकोसा असणं महत्त्वाचं, तो गमतीत मारला होता ही पळवाट नाही. पण पार्किंगचे आणि मूडचे विनोद या व्याख्येत सहसा बसत नाहीत, कारण ते हिणवणारे असले तरी लैंगिक नसतात. म्हणून मी दोन कागद केले. लैंगिक मेसेजची तक्रार या कायद्याखालच्या कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे, आणि बाकीच्या विनोदांची यादी, ज्या कामावर परिणाम झाला त्यासह, आचारसंहितेखाली एचआरकडे. सगळं एकाच पत्रात कोंबलं असतं तर भक्कम तक्रार पातळ झाली असती.

यादी लिहिणं फार विचित्र काम आहे. तारीख, ठिकाण, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, कामाचं काय झालं. ‘अपमानास्पद बोलला’ असं लिहायचा मोह होतो. ते लिहायचं नाही. बोलला तेच अवतरणात लिहायचं आणि विशेषणं टाळायची. टाइप केल्यावर त्यातली एकही ओळ विनोदी वाटत नव्हती. स्क्रीनशॉट वेळ आणि ग्रुपचं नाव दिसेल असे घ्यायचे, कारण मेसेज डिलीट होतात. माझ्या बाबतीत तक्रारीचा सुगावा लागण्याआधीच झाला.

घटनेपासून, किंवा प्रकार चालूच असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती हवीच, आणि त्याहून लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. हा बाहेरचा सदस्य कोण आहे ते आधी बघून ठेवा; कंपनीच्या गणितांत न अडकलेलं तेवढं एकच माणूस तिथे असतं. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं. सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याला जाते, उत्तराला त्याला दहा मिळतात. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. आणि बऱ्याच जणी ज्याला घाबरतात ते: तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, कारवाई जाणूनबुजून खोटं बोलल्यावरच होते.

साक्षीदार मिळवणं हा खरा घाट. सहानुभूती सगळ्यांची होती, नाव एकाचंही नव्हतं. एका जुन्या सहकाऱ्याने मला पायकॉन या पायथन प्रोग्रॅमरांच्या २०१३ च्या परिषदेची गोष्ट ऐकवली, काळजीनेच. तिथे मागे बसलेल्या दोघांच्या चावट विनोदांबद्दल एका तंत्रज्ञ स्त्रीने त्यांचा फोटो ट्विटरवर टाकला. त्यातल्या एकाची नोकरी गेली आणि मग तिचीही. ‘कशाला पडतेस यात?’ मी त्याला म्हटलं, म्हणूनच तर मी ट्विटरवर जात नाहीये. तुला कुणाविरुद्ध बोलायचं नाहीये, ग्रुपवर काय वाचलंस तेवढंच सांगायचंय. तो तयार झाला. ‘माझ्या बाजूने उभा राहा’ म्हटलं असतं तर झाला नसता असं मला वाटतं.

चौकशीआधी समेटाचा मार्ग मागता येतो, पण तो तक्रारदार स्त्रीनेच मागायचा, आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही. ठरलेल्या अटी पाळल्या नाहीत तर चौकशी सुरू होते. मी कुठला मार्ग घेतला ते सोडून देते. प्रकरण ठरलेल्या मुदतीत मिटलं आणि निकालाने माझं समाधान झालं.

एचआरच्या कागदाचं काम जास्त रेंगाळलं. एक सरसकट ईमेल आली, एक प्रशिक्षण झालं, ज्यात सगळ्यांनी फोन बघितले. ग्रुप शांत झाला. काही जण म्हणाले, ‘आता मोकळेपणाने बोलताच येत नाही.’ बिल्ड सर्व्हरवर, क्लायंटच्या मागण्यांवर, स्वतःच्याच कोडवर विनोद चालूच आहेत आणि त्यातले काही फार चांगले असतात.

अप्रेझलमध्ये मात्र लीडने लिहिलं, ‘टीमशी जुळवून घेण्यात सुधारणेला वाव.’ मी भांडले नाही. फॉर्मच्या उत्तराच्या रकान्यात विचारलं, कृपया एक प्रसंग नमूद करावा: तारीख, काय घडलं, कामावर काय परिणाम झाला. काही दिवस काहीच आलं नाही. मग फॉर्म परत उघडला गेला आणि ते वाक्य काढलेलं होतं. रेटिंग होतं तेवढंच राहिलं.