एका पाण्यावर चार तास

अकरावीच्या पोरांसमोर पाण्याच्या रेणूवर चार तास कशाला घालवता? सहकारी विचारतात, पालक विचारतात. परवा रावेरकडच्या एका केळीवाल्या पालकांनी तर सरळ अहिराणीत विचारलं, "सर, पानीमा इतलं काय शे?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

पूर्वी मीही दहा मिनिटांत उरकायचो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून तिकडे किंचित ऋण, हायड्रोजनकडे किंचित धन. झाला रेणू पोलर. मग शेवभाजीवरच्या तर्रीचं उदाहरण द्यायचो, "तेलाला पाण्याचा राग येतो." वर्ग हसायचा.

एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उठली. "सर, कार्बन डायऑक्साइडमध्येही ऑक्सिजनच ओढतो, तेही दोन-दोन. मग तो पोलर का नाही?"

एम.एस्सी.ला वाचलेलं होतं, पण त्या क्षणी काही म्हणता काही आठवेना. म्हणालो, "सीईटीला येत नाही ते. बस खाली." वर्ग पुन्हा हसला, तर्रीला हसायचा तसाच. ती बसली.

रात्री पुस्तक काढलं. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत, दोन्हीकडची ओढ सारखी, म्हणून एकमेकींना खोडते. पाणी 104.5 अंशांत वाकलेलं, म्हणून ओढ शिल्लक राहते. दोन वाक्यांचं उत्तर! सकाळी सांगायचं ठरवून गेलो. ती समोरच होती. आणि मी कार्बोहायड्रेट सुरू केलं. वर्षभर तिने हात वर केला नाही.

म्हणून आता पहिला तास फक्त आकाराचा. उरलेल्या तीन तासांत तो राग निस्तरतो. तेल कोणावर रागावलेलं नसतं. पाण्याचे रेणूच हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एकाचा धन हायड्रोजन आणि दुसऱ्याचा ऋण ऑक्सिजन यांच्या ओढीने, एकमेकांना धरून असतात, तेल बाहेर पडतं. याच कारणाने प्रोटीनची घडी पडते, पेशीचं आवरण उभं राहतं. ठेचा खाऊन तोंड पोळलं की पाण्याने भागत नाही, कारण तिखटाचा रेणू तेलातच रमतो. बघा, पुन्हा ‘रमतो’ म्हणालोच.

सहकारी म्हणतात, चुकीचं का असेना, लक्षात राहतं. तेही खोटं नाही. यंदा एकाने उत्तरपत्रिकेत ‘तेलास पाण्याचा राग येतो’ लिहिलंय. या वर्गाला मी ते सांगितलं नव्हतं. मोठ्या भावाच्या वहीतून आलंय. अर्धा मार्क कापावा की नाही, ठरत नाही. पेपर अजून टेबलावरच आहे.