चाळीसगावच्या पुरात नऊ दिवस: मागून येणाऱ्यांसाठी

फोन आला की चोवीस तासांत निघायचं, ही आमच्या पूरमदतीच्या कामाची अट. पिशवी दाराशी भरलेलीच असते. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या नद्या चाळीसगावात शिरल्या, दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्टेशनावर उतरलो. छत्रपती संभाजीनगरकडच्या कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद होता. मुंबईकडून येणाऱ्यानेही अशा वेळी गाडीचा नाद सोडावा, रेल्वेनेच यावं. स्टेशनाबाहेर मात्र पायी चालायची तयारी ठेवा, आणि गमबूट पिशवीत नको, पायात हवेत.

माझं काम पिण्याच्या पाण्याचं, आणि पहिल्याच वस्तीवर मी चुकलो. विहिरीचं पाणी दुधाच्या चहासारखं दिसत होतं. घाईघाईत टाकी भरली, टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकली, अर्ध्या तासाने ओटीचे थेंब टाकले; पाण्यात क्लोरीन उरला असेल तर त्यांनी पिवळा रंग येतो. रंग काही येईना. आणखी टाकली, तरी नाही. क्लोरीन सगळा गाळच खात होता. त्यात ती पावडरची पिशवी जुनी, कधीची फोडलेली, सर्दावलेली. नाकाशी नेली तरी वास येत नव्हता. मग तुरटी फिरवून रात्रभर गाळ बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घेतलं आणि ताजी पावडर वापरली. रंग लगेच आला. निवळ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅमपासून सुरुवात करा, पण शेवटचा शब्द ओटीचा. पावडर कालवायला प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको.

टँकरचा हिशेब आधी कागदावर मांडा. स्फिअरच्या, म्हणजे आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय, मापदंडात माणशी रोज किमान १५ लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला ७५, म्हणजे पाच हजारांचा टँकर ६६ घरांतच संपतो. हे सरपंचांना सकाळीच सांगून ठेवलं की दुपारची भांडणं निम्मी होतात.

जुने कपडे कृपया आणू नका. शाळेच्या ओट्यावर साड्यांचा ढीग भिजत पडला होता आणि बायका फावडं, घमेलं, खराटा मागत होत्या. घरात गुडघाभर चिखल असताना साडी ठेवायची कुठे? झाकणाच्या बादल्या, मेणकापड, सॅनिटरी पॅड, टॉर्च; एवढं आणलंत तरी पुष्कळ.

जनावरांचा विषय माझ्या कामात बसत नाही, पण तो टाळताच येत नाही. एका घरी यादी करायला गेलो. आबा म्हणाले, "बठ भाऊ, पहिले चहा पी ले, मंग लिखी ले." चहा शेजारच्यांकडून आला होता. खुंटीवर नवी घुंगरमाळ, दोन नवे गोंडे, कागदातून न काढलेले. पोळा ६ सप्टेंबरला होता. बैल दावणीसकट वाहून गेले होते. मेलेलं जनावर समोर असेल तर पंचनामा सोपा. वाहून गेलेल्याचं काय दाखवणार? म्हणून कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर विचारा. लसीकरणाच्या कागदावर किंवा पोराच्या मोबाइलमधल्या एखाद्या जुन्या फोटोत तो सापडतो. आबांच्या नातवाकडे होता तसा फोटो, गेल्या पोळ्याचा. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, आणि कान नेमका झुलीच्या गोंड्यामागे. शेवटचे चार आकडे तेवढे वाचता आले. तेच कागदावर लिहून तलाठ्यांकडे दिले.