ला फीय माल गार्दे अपडेट: रिबिनी बऱ्यापैकी, आता माइम

मंडळी, या वेळचं अपडेट जरा लांबलं कारण मी ला फीय या फ्रेंच बॅलेमध्येच अडकून बसलेय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी स्टोरी: विधवा सिमोनला लेक लीझ पैसेवाल्याच्या घरात द्यायचीय, तिथला मुलगा आलँ जरा खुळा, आणि लीझचा जीव कोलावर. संपलं. भूत नाही, हंस नाही, राजपुत्र तर नाहीच. १ जुलै १७८९ ला बोर्दोमध्ये पहिला प्रयोग झाला, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडायच्या दोनच आठवडे आधी, आणि स्टेजवर कोण तर शेतकरी आणि लोणी काढणारी पोरगी!

आता गंमत बघा, दोबेर्वालनं बसवलेल्या मूळ स्टेप्स आज कोणालाच येत नाहीत, म्युझिकही बदलत गेलं, आधी फ्रेंच लोकप्रिय गाणी, मग १८२८ ला पॅरिसला एरोल्डनं नवं केलं (रोसिनीचे तुकडे बिनधास्त उचलून), १८६४ ला बर्लिनला हर्टेलचं आलं, तरी बॅले काही मरेना. माझ्या मते टिकले ते जोक्स. लीझचं ते लग्नाचं स्वप्नच घ्या ना, रशियन बॅलेरिना कार्साविना पीटर्सबर्गमध्ये करायची ते माइम (न बोलता नुसते हावभाव) तिनं म्हातारपणी लंडनला कोरिओग्राफर अ‍ॅश्टनला शिकवलं आणि त्यानं १९६० च्या व्हर्जनमध्ये ठेवलं. आता मी तेच घोटतेय.

सीन असा की लीझ घरात एकटी (असं तिला वाटतं), मनातल्या मनात लग्न लावते, मुलं मोजते, एकाला दटावते, एकाला जोजवते, आणि तेवढ्यात कापणीच्या पेंढ्यांतून कोला बाहेर! बाई लाजून अर्धमेली. टीचर सारखं सांगतात, आधी नजर मग हात, मूल कुठे उभंय ते डोळ्यांनी दाखव, किती उंचीचं ते हाताने नंतर. मोबाईलवर शूट करून पाहिलं तर खरंच, नजर आधी गेली की तिथे मूल दिसतं, दोन्ही एकदम गेलं की नुसते हातवारे. जोजवणं अजून घाईत होतंय.

नाचातल्या रिबिनींचं आता जमतंय, सॅटिनची फार सुळसुळते, थोडी जाड घ्या.

सिमोनचा क्लॉग डान्स मात्र साइडला चालूच. सिमोन पुरुषानेच करायची, १९६० ला स्टॅन्ली होल्डननं केली, आणि तो नाच म्हणजे इंग्लंडमधल्या लँकशरचे लाकडी बूट (क्लॉग्ज) अधिक इंग्लिश पँटोमाइममधली बाई, ट्यून मात्र हर्टेलची. आपल्या गवळणीतल्या मावशीचीच बहीण म्हणा, पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक आणि म्हणूनच मजा. इथे क्लॉग्ज मिळेनात, जुन्या टॅप शूजवर भागवतेय, पण क्लॉग्जच्या टोकावर चढायचा भाग त्यात होत नाही.

एक खटकतं ते सांगते, आलँला हसणं. पहिल्या अंकात मला ते जडच जातं. पण अ‍ॅश्टननं शेवट त्याला दिलाय, सगळे नाचत निघून गेल्यावर गडी खिडकीतून परत येतो, बायकोसाठी नाही, विसरलेल्या छत्रीसाठी, आणि ती मिळाल्यावर असा खूश! अलेक्झांडर ग्रँटनं हा रोल पहिल्यांदा केला, मिळेल ती क्लिप बघाच.

कोणाकडे क्लॉग डान्सचं पियानोवरचं नोटेशन असेल तर कळवा, रेकॉर्डिंगचा स्पीड प्रॅक्टिसला फार होतो.